तेरा अक्षरी जुना पासवर्ड-हॅश पायथनमध्ये स्वतः लिहायचा तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संस्थेचा जुना लिनक्स सर्व्हर बदलायचा आहे. सभासदांच्या टेबलमध्ये प्रत्येकासमोर तेरा अक्षरांचा एक हॅश आहे, म्हणजे पासवर्डवरून काढलेली, उलट सोडवता न येणारी खूण. नव्या सर्व्हरवर पायथन ३.१३ टाकलं आणि हे हॅश काढणारं क्रिप्ट हे मॉड्यूलच सापडेना. सगळ्या सभासदांना एका दिवसात पासवर्ड बदलायला लावणं जमणार नाही. मग हा हॅश पायथनमध्ये स्वतः लिहिता येईल का, आणि लिहावा का?

लिहिता येतो, आणि तुमच्यासारख्या परिस्थितीत लिहावा असंच मी सांगेन. अट एकच: या कोडने फक्त जुना हॅश तपासायचा, त्यातून एकही नवा हॅश तयार करायचा नाही. जुन्या दाराचं कुलूप उघडून माणसांना नव्या घरात आणण्यापुरतीच ही किल्ली घडवायची आहे. तयार हवं असेल तर पासलिब या लायब्ररीत शुद्ध पायथनमध्ये लिहिलेली आवृत्ती आहे. ती वापरलीत तरी पुढचं सगळं वाचाच, कारण खरे घोळ हॅश काढण्यापेक्षा त्याच्या अवतीभोवती जास्त होतात.

मॉड्यूल जाणार हे आधीपासून ठरलेलं होतं. पायथनने ३.११ मध्ये ते कालबाह्य ठरवलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ मधून काढून टाकलं. ओपनएसएसएल या कूटबद्धीकरणाच्या साधनसंचाने ३.० मध्ये आपल्या पासवर्ड कमांडमधला हाच पर्याय काढला. पर्लमध्ये क्रिप्ट फंक्शन अजून आहे, पण ते काम खालच्या सी लायब्ररीवर सोपवतं.

ही पद्धत १९७९ च्या सेव्हन्थ एडिशन युनिक्समधली. बेल लॅब्समधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी त्याच वर्षी तिच्यामागचा विचार एका लेखात मांडला. त्यांनी लोकांचे ३,२८९ पासवर्ड गोळा करून पाहिले होते. त्यातले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, फार छोटे होते किंवा शब्दकोशात आणि नावांच्या यादीत सापडणारे होते. सॉल्ट (हॅश काढताना पासवर्डबरोबर मिसळायची रँडम अक्षरं) आणि मुद्दाम केलेला संथपणा या दोन गोष्टी त्या अनुभवातून आल्या. आपण आजही ज्या कल्पनांवर पासवर्ड साठवतो त्या तिथल्याच आहेत, फक्त त्यांची मापं आता अगदीच अपुरी पडतात.

आता प्रत्यक्ष कृती. इथे पासवर्ड हा डीईएसची, म्हणजे ६४ बिटांचा ठोकळा सोळा फेऱ्यांत कूटबद्ध करणाऱ्या जुन्या पद्धतीची, किल्ली असतो, आणि कूटबद्ध होतो तो ६४ शून्य बिटांचा ठोकळा. तो ठोकळा त्या किल्लीने एकदा कूटबद्ध करायचा, आलेलं उत्तर पुन्हा, असं एकंदर २५ वेळा. शेवटच्या ६४ बिटांची अकरा अक्षरं होतात, त्यांच्या पुढे सॉल्टची दोन अक्षरं. झाली तेरा.

किल्ली बनवताना पासवर्डचे पहिले आठ बाइट घ्या. प्रत्येकाचे खालचे सात बिट ठेवा, सर्वांत वरचा टाका. सात आठे छप्पन्न. डीईएसला लागतात तेवढेच. डीईएसची किल्ली कागदावर ६४ बिटांची असली तरी प्रत्येक बाइटचा शेवटचा बिट पॅरिटीचा असतो, तो हिशोबात येत नाही. म्हणून प्रत्येक बाइट एक घर डावीकडे सरकवायचा आणि २५५ शी अँड करायचा. हे सरकवणं विसरलात तर उलटं होतं: वरचा बिट राहतो आणि खालचा गळतो. मग पासवर्डमधल्या बीच्या जागी सी टाकला तरी हॅश तोच येतो, कारण त्या दोन अक्षरांत फक्त शेवटच्या बिटाचा फरक आहे. आठपेक्षा लहान पासवर्ड असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरा. मोठा असेल तर नववं अक्षर आणि त्यापुढचं सगळं वाया जातं. इंग्रजी अक्षरांत सह्याद्री लिहिलं तर बरोबर आठ अक्षरं होतात. त्याच्यापुढे १२३ लावा की ९९९, हॅशला त्याचा पत्ता नसतो. हे नीट लक्षात ठेवा, स्थलांतराच्या वेळी याचीच गाठ पडते.

डीईएसचे तक्ते तुम्हाला कुठेही मिळतील. माझा सल्ला: पहिली आवृत्ती मूळ सी कोडसारखीच लिहा. एका यादीत ६४ शून्य-एक, प्रत्येक घरात एक बिट. हळू चालते, पण एका लॉगिनला माणसाला जाणवेल इतका वेळ लागत नाही, आणि चूक डोळ्यांना दिसते. तक्ते उतरवून झाले की आधी त्यांचीच परीक्षा घ्या. आठ एस-बॉक्स (सहा बिटांच्या जागी चार बिट देणारे तक्ते), प्रत्येकात चार ओळी. प्रत्येक ओळीत ० ते १५ हे सगळे आकडे एकेकदाच यायला हवेत, म्हणजे ओळीची बेरीज १२०. बिटांचा क्रम बदलणाऱ्या पी तक्त्यात १ ते ३२ एकेकदा. किल्लीच्या पहिल्या निवड-तक्त्यात ५६ वेगवेगळे आकडे, त्यात आठच्या पाढ्यातला एकही नाही. सोळा फेऱ्यांतल्या सरकवण्यांची बेरीज २८. चार ओळींची ही तपासणी पुढचे दोन दिवस वाचवते. एस-बॉक्सला सहा बिट देताना पहिला आणि शेवटचा मिळून ओळ ठरते, मधले चार मिळून स्तंभ. इथेही बरेच जण सहा बिटांचा सरळ आकडा करून खाना शोधतात आणि फसतात.

यानंतर या पद्धतीचा खरा गाभा, सॉल्ट.

सॉल्टची दोन अक्षरं ६४ अक्षरांच्या संचातून येतात. क्रम असा: बिंदू म्हणजे ०, तिरकी रेघ म्हणजे १, मग ० ते ९ हे अंक २ ते ११, मोठी ए ते झेड १२ ते ३७, लहान ए ते झेड ३८ ते ६३. नेहमीच्या बेस६४ चा क्रम वेगळा आहे, त्यामुळे पायथनचं बेस६४ मॉड्यूल इथे चालत नाही. प्रत्येक अक्षराचे सहा बिट, दोन मिळून बारा, म्हणजे ४,०९६ सॉल्ट. डीईएसच्या प्रत्येक फेरीत उजवा अर्धा भाग ३२ चा ४८ बिट होतो. त्या ४८ बिटांवर सॉल्ट काम करतो. सॉल्टचा शून्यावा बिट १ असेल तर ४८ पैकी शून्याव्या आणि चोविसाव्या घरांची अदलाबदल, पहिला बिट १ असेल तर पहिल्या आणि पंचविसाव्या घरांची, असं अकरापर्यंत. घरं शून्यापासून मोजली आहेत. पहिल्या अक्षरातून खालचे सहा बिट येतात, दुसऱ्यातून वरचे सहा. डीईएसच्या पोटातच हात घातल्यामुळे बाजारात मिळणाऱ्या डीईएसच्या तयार चिप पासवर्ड फोडायला थेट वापरता येऊ नयेत, हा त्यामागचा एक हेतू होता.

आता सापळा. यादीतलं शून्यावं घर म्हणजे सर्वांत डावा बिट, पण सॉल्टचा शून्यावा बिट म्हणजे सर्वांत उजवा. यादी वापरताना हे आपोआप जुळतं. पुढे वेगासाठी ४८ बिटांचे २४-२४ चे दोन आकडे केले की सॉल्टचे बाराही बिट उलटे करून मास्क बनवावा लागतो. तसा मास्क तयार असला की अदलाबदल तीन ओळींत होते: दोन्ही अर्ध्यांचा एक्सॉर, त्याचा मास्कशी अँड, आणि आलेलं उत्तर दोन्हीकडे एक्सॉर.

मी इथेच अडकलो होतो. एका पतसंस्थेचं असंच स्थलांतर माझ्याकडे होतं. जुन्या सर्व्हरवरून २,००० चाचणी-जोड्या काढून ठेवल्या होत्या: रँडम पासवर्ड, रँडम सॉल्ट आणि त्यांचा हॅश. माझ्या कोडने त्यातल्या तीसएक बरोबर सोडवल्या, बाकीच्या चुकल्या. सगळ्या चुकल्या असत्या तर तक्त्यांवर संशय घेतला असता, पण थोड्या जुळतात म्हटल्यावर तक्ते बरोबर असणार हे उघड होतं. जुळलेल्या जोड्यांचे सॉल्ट बारा बिटांत लिहून एकाखाली एक मांडले, तेव्हा दिसलं की प्रत्येक ओळ उलट-सुलट सारखीच वाचता येते. बारा बिटांच्या अशा ओळी ६४ असतात, म्हणजे ४,०९६ पैकी चौसष्टावा भाग. २,००० ला चौसष्टाने भागलं की एकतीस. मी बिट उलटे करायला विसरलो होतो. सॉल्टच्या दोन अक्षरांचा क्रम चुकला तरीही चौसष्टावा भागच जुळतो, पण तेव्हा जुळलेल्या सॉल्टमधली दोन्ही अक्षरं सारखी असतात. त्यामुळे किती जुळले यावर थांबू नका, कोणते जुळले ते पाहा.

पंचवीस आवर्तनांत एक काम वाचवता येतं. डीईएसच्या सुरुवातीची आणि शेवटची क्रमबदल-पायरी एकमेकींना रद्द करतात, म्हणून मधल्या आवर्तनांत त्या गाळता येतात. सुरुवातीचा ठोकळा शून्यांचाच असल्याने अगदी पहिलीचीही गरज नाही. राहते ती फक्त शेवटची एक. मात्र प्रत्येक सोळा फेऱ्यांनंतर डाव्या-उजव्या अर्ध्यांची अदलाबदल करायची असते, ती गाळता येत नाही.

आता चाचणी. रिकामा पासवर्ड आणि सॉल्ट दोन बिंदू घ्या. सॉल्ट शून्य, म्हणून हे साधं डीईएस. किल्ली शून्य, ठोकळा शून्य. एका आवर्तनानंतर सोळाच्या पद्धतीत ८सीए६ ४डीई९ सी१बी१ २३ए७ यायला हवं. गंमत पुढे आहे: पंचवीस आवर्तनांनंतरही हेच येतं. शून्य किल्ली ही डीईएसच्या दुबळ्या किल्ल्यांपैकी एक आहे. तिच्या सोळाही उपकिल्ल्या सारख्याच असतात, त्यामुळे तिने दोनदा कूटबद्ध केलं की मूळ ठोकळा परत मिळतो. पंचवीस विषम आहे, म्हणून शेवटी एकदा केल्याचंच उत्तर उरतं. हे ६४ बिट डावीकडून सहा-सहा घेत गेलात तर आकडे मिळतात ३५, १०, २५, १३, ५८, २८, ६, ४९, ८, ५८, २८. वरच्या क्रमाने त्यांची अक्षरं लावा, पुढे दोन बिंदू ठेवा. हा तुमचा पहिला बरोबर हॅश. कागदावर करून पाहण्यासारखी ही एकमेव चाचणी आहे, आणि ती हाताने करून पाहिल्यावर बिटांच्या क्रमाबद्दलचा गोंधळ बराच निवळतो.

पण फक्त याच चाचणीवर भरवसा ठेवू नका. आवर्तनं पंचवीसऐवजी तेवीस लिहिली असतील किंवा एकच, तरी ती पास होते. शिवाय ये-जा त्याच वाटेने होत असल्यामुळे प्रत्येक एस-बॉक्सच्या ६४ खान्यांपैकी जास्तीत जास्त १६ खान्यांना हात लागतो. उरलेल्यांत चूक असेल तर ती तशीच झाकलेली राहते. सॉल्ट तर तपासलाच जात नाही.

शेवटच्या अक्षराकडेही बघा. चौसष्ट बिट अकरा अक्षरांत बसवताना शेवटच्या अक्षरात चारच खरे बिट असतात, उरलेले दोन शून्य. म्हणून तेरावं अक्षर चौसष्टपैकी कोणतंही असू शकत नाही, फक्त सोळापैकी एक असतं: बिंदू, २, ६, मोठी ए, ई, आय, एम, क्यू, यू, वाय, किंवा लहान सी, जी, के, ओ, एस, डब्ल्यू. तुमच्या कोडमधून दुसरं काही आलं तर शेवटची बांधणी चुकली आहे. हाच नियम उलटा वापरा: स्थलांतराआधी सगळं टेबल यावर चाळून घ्या. ज्या नोंदी नापास होतील त्या तुटलेल्या, अर्धवट कॉपी झालेल्या किंवा भलत्याच पद्धतीच्या असतात. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारे हॅश वेगळे: डॉलर १ म्हणजे पॉल-हेनिंग काम्प यांची एमडी५ वरची पद्धत, डॉलर ५ आणि डॉलर ६ म्हणजे उलरिख ड्रेपर यांच्या २००७ च्या शा-२५६ आणि शा-५१२ वरच्या. एकाच टेबलमध्ये या सगळ्यांची सरमिसळ सापडते, कारण सर्व्हर मधेच कधीतरी अपग्रेड झालेला असतो.

देवनागरी पासवर्डबद्दल सविस्तर लिहितो, कारण हा भाग इंग्रजीतल्या मार्गदर्शनात मिळत नाही आणि आपल्याकडे त्याची गरज पडते.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइटांचा असतो. इथे वर्ण म्हणजे युनिकोडमधलं एक चिन्ह. काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. बाइट सोळाच्या पद्धतीत लिहितो: पहिला बाइट कायम ई०. दुसरा ए४ किंवा ए५. तिसरा ८० ते बीएफ. आठ बाइटांत दोन पूर्ण वर्ण बसतात आणि तिसऱ्याचे पहिले दोन बाइट. त्या दोन बाइटांतून इतकंच कळतं की तिसरा वर्ण देवनागरी कोष्टकाच्या पहिल्या अर्ध्यातला आहे की दुसऱ्या. आता हे चार शब्द घ्या: महाराष्ट्र, महाबळेश्वर, महादेव, महिना. म आणि ह सगळ्यांत सारखे. तिसरा वर्ण काना किंवा ऱ्हस्व वेलांटी, दोन्ही ए४ च्या अर्ध्यात. चारही पासवर्डांचा हॅश एकच येतो. महेश आणि महोत्सव यांचा वेगळा, कारण मात्रा आणि काना-मात्रा ए५ च्या अर्ध्यात पडतात. पण त्या दोघांचा आपसात एकच.

हिशोब करा. पहिल्या वर्णाच्या १२८ शक्यता, दुसऱ्याच्या १२८, तिसऱ्याच्या दोन. एकूण ३२,७६८. देवनागरीत पासवर्ड कितीही लांब ठेवला तरी तो पाच आकडी पिनपेक्षा कमकुवत राहतो. एखाद्या सभासदाने अभंगाची अख्खी ओळ पासवर्ड म्हणून ठेवली असेल, तर तिचंही हेच. अशा माणसाने काळजी घेण्यात काहीच कसूर केलेली नसते. म्हणून मी आग्रहाने सांगतो की हे हॅश जितके दिवस टेबलमध्ये राहतील तितके दिवस त्या माणसांचा पासवर्ड उघड्यावर आहे असं समजा.

इस्कीच्या, म्हणजे युनिकोड रुळण्याआधीच्या भारतीय लिप्यांच्या संकेतप्रणालीच्या, काळातला डेटा असेल तर आणखी एक प्रकार दिसतो. इस्कीत मराठी अक्षर एका बाइटात बसतं आणि त्याचा वरचा बिट १ असतो. क म्हणजे दशमान १७९. वरचा बिट गळला की उरतात ५१, आणि ५१ म्हणजे आस्कीतला अंक ३. या हॅशच्या नजरेत इस्कीतला क आणि इंग्रजी कळफलकावरचा ३ एकच.

दीर्घ वेलांटीची गोष्ट तर वेगळीच आहे. ी या चिन्हाचे बाइट ई०, ए५, ८०. शेवटचा ८० एक घर डावीकडे सरकवला की आठ बिटांत शून्य होतो. २०१२ मध्ये फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या प्रणालीच्या डीईएस क्रिप्टमध्ये नेमकी इथली चूक सापडली: कोड बाइट आधी सरकवायचा आणि मग तो शून्य आहे का ते बघायचा. ८० भेटला की पासवर्ड संपला असं समजून पुढे शून्यं भरली जायची. तोच कोड पीएचपी आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्येही गेलेला होता, तिथेही दुरुस्ती झाली. आपल्यासाठी अर्थ असा: गीता, दीपक, मीनाक्षी अशा, दुसराच वर्ण दीर्घ वेलांटी असलेल्या पासवर्डचा हॅश त्या जुन्या कोडने काढलेला असेल, तर तुमचा बरोबर कोड त्याला जुळणार नाही. अशा सभासदाची तक्रार आली तर पासवर्ड विसरलात असं सांगून परत पाठवू नका. चुकीच्या आवृत्तीप्रमाणे किल्ली बनवून एकदा तपासा, जुळली तर लगेच नवा पासवर्ड करून घ्या. आणि स्वतःचा कोड लिहिताना बाइटची लांबी आधी मोजा, सरकवणं नंतर.

बाइटांबाबत पायथनमध्ये तसा त्रास नाही, बाइट ० ते २५५ असाच येतो. जावात बाइटला चिन्ह असतं, उजवीकडे सरकवताना वरून एक भरले जातात. सीमध्ये कॅरेक्टरला चिन्ह आहे की नाही ते यंत्रावर ठरतं. लिनक्सवर इंटेलमध्ये असतं, एआरएममध्ये नसतं. क्रिप्ट_ब्लोफिश या, बीक्रिप्ट नावाच्या दुसऱ्या पासवर्ड-हॅशच्या प्रसिद्ध आवृत्तीत याच चिन्हामुळे २०११ मध्ये दोष सापडला होता: वरचा बिट १ असलेलं अक्षर आलं की त्याच्या आधीची एक ते तीन अक्षरं निकामी व्हायची. इंग्रजी पासवर्ड वापरणाऱ्याला त्याची झळ नाही. देवनागरीत मात्र प्रत्येक बाइटचा वरचा बिट १ असतो. तुम्ही कोणत्याही भाषेत लिहा, चाचणीत देवनागरी पासवर्ड घातल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

तपासणीच्या फंक्शनमध्ये तीन गोष्टी सांभाळा. साठवलेला हॅश बरोबर तेरा अक्षरांचा आणि संचातल्याच अक्षरांचा नसेल तर तिथेच नकार द्या. बंद केलेल्या खात्यांसमोर तारा किंवा उद्गारचिन्ह असतं, काही ठिकाणी रकाना कोरा असतो. कोरा रकाना म्हणजे पासवर्डशिवाय प्रवेश असा अर्थ चुकूनही लागता कामा नये. दुसरं, चूक झाल्यावर हॅशच्या जागी एखादी ठरावीक खूण परत देऊ नका. जुन्या लायब्ऱ्या तारा आणि शून्य अशी खूण देतात. टेबलमध्येही तीच खूण साठवलेली असेल तर चूक आणि चूक जुळून प्रवेश मिळेल. म्हणून त्या लायब्ऱ्यांत सॉल्टच तसा आला तर तारा आणि एक परत द्यायची पद्धत आहे. तुम्ही सरळ एक्सेप्शन टाका. तिसरं, दोन हॅशची तुलना बरोबरच्या चिन्हाने न करता एचमॅक मॉड्यूलमधल्या कम्पेअर_डायजेस्टने करा, म्हणजे तुलनेला लागलेल्या वेळेवरून हॅशचा अंदाज बांधता येत नाही.

आता हे हॅश टेबलमधून बाहेर काढायचे कसे. सभासद लॉगिन करेपर्यंत वाट पाहायची गरज नाही. आजच्या आज प्रत्येक तेरा अक्षरी हॅश हाच जणू पासवर्ड आहे असं धरून त्यावर आर्गॉन२आयडी ही आजची पासवर्ड-हॅश पद्धत चालवा आणि तेच उत्तर साठवा. आर्गॉन२ ने २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंग स्पर्धा जिंकली आणि २०२१ पासून ते आरएफसी ९१०६ या इंटरनेट-दस्तऐवजात आहे. त्यात सुचवलेलं ६४ मेबीबाइट स्मृती, तीन आवर्तनं आणि चार समांतर धागे हे माप बहुतेक सर्व्हरना झेपतं. जुन्या सॉल्टची दोन अक्षरं वेगळ्या कॉलममध्ये जपून ठेवा, ती गेली तर आतला हॅश पुन्हा काढता येणार नाही. आणि पासवर्डचा कॉलम आधी रुंद करा. आर्गॉन२ ची पूर्ण ओळ शंभराच्या आसपास अक्षरांची असते, आणि तेरा अक्षरांच्या जुन्या कॉलममध्ये काही डेटाबेस ती मुकाट्याने कापून टाकतात. यानंतर लॉगिनच्या वेळी टाइप केलेल्या पासवर्डचा जुना हॅश काढायचा, तो आर्गॉन२ ला द्यायचा, आणि जुळतंय का पाहायचं.

एवढ्याने टेबल चोरीला गेलं तरी एक-एक अंदाज महाग पडतो. पण आतली आठ बाइटांची मर्यादा तशीच राहते, म्हणून प्रत्येक सभासदाला कधीतरी थेट आर्गॉन२ वर आणावंच लागतं. इथे बहुतेक जण लॉगिन जुळलं की टाइप केलेल्या पूर्ण पासवर्डचा नवा हॅश गुपचूप साठवतात. ते करू नका. सह्याद्री१२३ असा पासवर्ड असलेली बाई त्या दिवशी घाईत सह्याद्री१३२ टाइप करते. जुना हॅश जुळतो, आणि नवा हॅश चुकीच्या शेपटाचा साठतो. दुसऱ्या दिवशी ती बरोबर पासवर्ड टाकते आणि बाहेर राहते. तिच्या दृष्टीने दहा वर्षं चाललेला पासवर्ड अचानक बंद पडलेला असतो. त्यापेक्षा जुना पासवर्ड जुळला की एक पडदा दाखवा, कारण दोन वाक्यांत मराठीत सांगा आणि नवा पासवर्ड दोनदा टाइप करून घ्या.

त्या नव्या पासवर्डला हॅश करण्याआधी युनिकोडचं एनएफसी रूप द्या. ऱ हा एकच वर्ण म्हणून येतो किंवा र आणि खाली नुक्ता असा दोन वर्णांनी. एनएफसीने ते एक होतात. पण वाऱ्यावर या शब्दातला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो: एकदा ऱ आणि हलन्त, एकदा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडणारं चिन्ह. पडद्यावर सारखंच दिसतं, एनएफसी त्यांना एक करत नाही. संगणकावर ठेवलेला पासवर्ड फोनवर चालत नाही अशा तक्रारीमागे मला हे कारण सापडलेलं आहे. एनएफसीनंतर दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर करणारी एक ओळ स्वतः घाला. जुना हॅश तपासताना मात्र यातलं काहीही करायचं नाही. जसे बाइट आले तसेच द्यायचे. आणि आर्गॉन२ ऐवजी बीक्रिप्ट वापरणार असाल तर त्याची मर्यादा ७२ बाइटांची, म्हणजे देवनागरीचे २४ वर्ण.

इतकं सगळं करायची खरंच गरज आहे का, असं व्यवस्थापन विचारेल. केन थॉम्पसन यांचा स्वतःचा जुना पासवर्ड बीएसडीच्या सोर्समध्ये राहिलेल्या पासवर्ड फाइलमुळे २०१९ मध्ये फुटला. तो होता पी/क्यू२-क्यू४! अशी बुद्धिबळातली चाल, आठच्या आठ अक्षरं, चिन्हांसकट. साध्या ग्राफिक्स कार्डावर चार-पाच दिवस लागले. ज्यांनी ही पद्धत घडवली त्यांचा पासवर्डही तिने इतकेच दिवस राखला, हे एक उदाहरण मीटिंगमध्ये पुरतं.

सगळ्यांत आधी करायचं काम शेवटी लिहितो, कारण त्याला मुदत आहे. जुना सर्व्हर बंद होण्याआधी त्याच्याकडून चाचणी-जोड्या काढून घ्या. सगळे ४,०९६ सॉल्ट, प्रत्येकासाठी वेगळा रँडम पासवर्ड. लांबी शून्य ते बारा बाइट. त्यात काही देवनागरी, काहींत दुसरा वर्ण दीर्घ वेलांटी. जीलिबसीची (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) आवृत्ती २.१७ किंवा पुढची असेल तर संचाबाहेरच्या अक्षरांचा सॉल्ट ती नाकारते, जुन्या आवृत्त्या चालवून घेत. तुमच्या टेबलमध्ये तसे सॉल्ट आहेत का तेही आत्ताच पाहा. खऱ्या सभासदांचे पासवर्ड या यादीत नकोत. ती फाइल कोडबरोबर ठेवा. तुमचा कोड ४,०९६ पैकी ४,०९६ जुळवेपर्यंत तो सर्व्हर चालू राहू द्या, आणि बंद केल्यावर त्याच्या बॅकअपमधलं पासवर्ड-टेबलही पुसा, कारण तिथे हेच तेरा अक्षरी हॅश पांघरुणाशिवाय पडलेले असतात.